वाळू जिथून येते

उद्यमनगरात एकतीस वर्षं मी वाळू ठोकली.
बाबालाल नदाफचा ट्रक घाट चढून यायचा,
फाळका पाडला की ढीग सळसळत खाली.
मी मूठभर उचलून दाबायचो,
फुटली तर पाणी कमी, चिकटली तर जास्त.
कुठनं आणतोस, कधी विचारलं नाही.
'खालनं', एवढंच तो म्हणायचा,
आणि कोल्हापुरात खाली म्हणजे कोकण
हे शेंबड्या पोरालाही कळतं.

जावयानं गाडी घेतली तेव्हा कलावती म्हणाली,
रंकाळ्याला चौपाटी म्हणून लई भेळ खाल्ली,
आता खरी दाखवा.

दाजीपूरच्या वळणावर गवे उभे.
तीन. चौथा झुडपात, नुसतं नाक.
गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे,
अंग असं की आत्ताच साच्यातून काढलंय,
घासायचं राहिलंय.
जावई म्हणाला, काच वर घ्या.
मी खाली केली.

खालच्या गावात पास्कूची खोली घेतली.
तो म्हणाला, इथं तीन गोष्टी आहेत,
समुद्र, डॉल्फिन आणि माझी जांभळाची वाईन.
समुद्र फुकट.
डॉल्फिन दिसले तर पैसे.
वाईनचे आधी.

होडीत कलावती माझा दंड धरून बसली.
एकदा पाण्याची पाठ काळी झाली, वाकली, गेली.
ती म्हणाली, ते बघा!
मी म्हणालो, लाट असेल.
हे भांडण अजून मिटलेलं नाही.

वाईन स्टीलच्या पेल्यात आली.
कलावतीनं आधी नाकाशी धरली,
आणि थांबली.
'ह्यो तर तुमच्या शर्टाचा वास.'
बरोबर होतं. कोअरच्या वाळूत आम्ही मळी घालतो,
ती आंबते, कापडात बसते.
'म्हणजे एकतीस वर्षं मी वाईन धूत होते,'
असं म्हणून तिनं पेला संपवला
आणि जावयासमोर दुसरा मागितला.

रात्री दोनला दार वाजलं.
चला. बॅटरी नको, बोलणं नको.

ती ओल्या रेघेच्या वर होती.
मागच्या वल्ह्यांनी आळीपाळीनं वाळू काढत होती,
एक भरायची, दुसरं वाट बघायचं.
तोंड अरुंद, आत पोट मोठं.
असा पोकळ आकार पाडायला
आम्हाला दोन पेट्या लागतात, पॅटर्न लागतो,
वर सुपरवायझर.
पास्कू ओठात अंडी मोजत होता,
शंभराच्या पुढं त्यानं सोडून दिलं.

मग तिनं वाळू ओढली
आणि अंगानं ठोकू लागली.
डावी कड, उजवी कड.
धप. धप.
कडेनं आधी, मग मधी,
मला पहिल्या दिवशी वस्तादानं शिकवलं तसं.
माझे हात मांडीवर त्याच ठेक्यात चालू झाले होते,
मला माहीतच नाही,
कलावतीनं ते धरले.

ती गेली तेव्हा मागं वळून बघितलं नाही.
मीही साचा बंद केल्यावर बघत नाही.
पण मला त्याच दिवशी तीन वाजता कळतं
काय झालं ते.

सोमवारी चाळणीवर शिंपल्याचा तुकडा राहिला.
असला तुकडा आम्ही टाकतो,
लोखंड लागलं की तो गॅस सोडतो,
कास्टिंगला भोक पडतं, पंप रिजेक्ट.
मी बाबालालला हाक मारली.
तू भरतोस तिथं कासवं येत्यात काय रं?
'कासवं? डोंगरातली खाण हाय ती.
समुद्र कुठला आलाय तिथं.'
मग हे?
त्यानं शिंपला बघितला, मग माझे पाय.

पँटीच्या दुमडीतनं बारीक धार गळत होती.

मी दुमड सोडली, झटकली.
ढिगात मिसळली.
आता कुठली कुठं, कोण निवडणार.
शिंपला डब्याच्या पिशवीत टाकला
आणि धुमस उचलली.
कडेनं आधी.